रेहेकुरीचा साडेपाचशे एकरांचा माळ

माझी भाची नोकरीसाठी कंपालाला असते. मागच्या पावसाळ्यात ती युगांडाच्या पश्चिमेकडच्या किबाले राष्ट्रीय उद्यानात चिंपांझी बघायला गेली आणि परत आल्या आल्या तिने फोन लावला. "मामा, आठ मीटर! आपल्या ओसरीपासून तुळस आहे ना, तेवढ्यावर बसला होता. माझ्याकडे बघितलं, कंटाळला आणि पाय खाजवायला लागला."

पुढचा अर्धा तास मी फक्त हुंकार देत होतो. किबाले 795 चौरस किलोमीटरचं आहे. त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 1993 साली मिळाला. तेरा जातींची माकडं-वानरं तिथे राहतात आणि चिंपांझी दीड हजारांच्या घरात आहेत. परदेशी पाहुण्याला नुसत्या परवान्याचे दोनशेहून अधिक डॉलर पडतात. एवढे मोजून चिंपांझी सापडल्यापासून घड्याळी एक तास मिळतो, त्यावर एक मिनिट नाही. तोंडाला मास्क लावायचा, कारण आपली साधी सर्दी त्यांच्या टोळीत साथ होऊन पसरू शकते. ही जनावरं माणसाला बुजत नाहीत, पण ती आपोआप माणसाळलेली नाहीत. वनखात्याची माणसं आणि संशोधक रोज पहाटे त्यांच्या मागे रानात जातात, काहीही न देता, काहीही न घेता. असं अनेक वर्षं केल्यावर एखादी टोळी माणसाची दखल घेणं सोडून देते. मगच तिथे पर्यटक नेतात.

"आता तू सांग," ती शेवटी म्हणाली, "आपल्या नगर जिल्ह्यात काय आहे?"

मी म्हणालो, "काळवीट."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "म्हणजे हरीण?" त्या 'म्हणजे हरीण'चा सूर मला लागला. जानेवारीत ती सुट्टीवर आली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी पहाटे साडेचारला तिला उठवून गाडीत घातलं.

नगरहून रेहेकुरीला जायचं तर सोलापूर रस्ता धरायचा. (जिल्ह्याचं आणि शहराचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं. ज्यांच्या नावाने झालं त्या अहिल्यादेवी 1725 साली याच बाजूच्या चौंडीत जन्मल्या, त्यामुळे नाव परकं वाटत नाही. पण तोंडाची सवय मोडायला माझ्या वयात वेळ लागतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.) रुईछत्तीशी मागे पडलं की डोंगर संपतात. मग सपाट, किंचित उतरती, झाडं मोजून घ्यावीत अशी जमीन सुरू होते. मिरजगावला चहा घेतला आणि कर्जतच्या रस्त्याला लागलो. मुंबईकरांना कर्जत म्हटलं की लोकल आणि वडापाव आठवतो. हे ते नव्हे. हे गोदड महाराजांचं कर्जत, दुष्काळाच्या बातम्यांत नाव येतं ते. पुण्याहून येणारे भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित बघून, राशीनच्या जगदंबेच्या हलत्या दीपमाळा बघून इकडे येतात. तो रस्ता जास्त चांगला आहे, हे नगरकर असूनही मान्य करतो.

सह्याद्रीने सगळा पाऊस पलीकडे अडवून घ्यावा आणि उरलासुरला इकडे पाठवावा, असा हा पट्टा. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही लहरीने. त्यामुळे इथलं मूळ पीक रब्बीची ज्वारी, आणि मूळ रान म्हणजे गवत. अलीकडे कुकडीचा कालवा आला, सीनेचं धरण आहेच, तेव्हा जिथे पाणी पोचलं तिथे ऊस उभा आहे. गाडीच्या दिव्यांत एका बाजूला उसाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळं ढेकळांचं रान असं आलटूनपालटून दिसत होतं.

दारावर नावं लिहिली. वनरक्षक कानटोपी घालून शेकोटीशी बसले होते. भाचीने आल्या आल्या विचारलं, "काका, किती मोठं आहे अभयारण्य?"

"दोन पूर्णांक सतरा."

"दोनशे सतरा?"

"दोनशे सतरा हेक्टर. चौरस किलोमीटर दोन पॉइंट सतरा."

तिने मोबाइल काढून भागाकार केला. किबालेचा तीनशे सहासष्टावा हिस्सा. एकरांत सांगायचं तर साडेपाचशेला थोडे कमी. आमच्याकडे पूर्वी एखाद्या पाटलाची एवढी जमीन असायची. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरचं काळवीट उद्यान आहे, तेही याच्या पंधरापटीहून मोठं. काळविटांसाठी म्हणून 1980 साली हा तुकडा राखला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, 1979 मध्ये, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांचा 8,496 चौरस किलोमीटर मुलूख माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. त्यात गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा सगळं आलं. लोक वैतागले, खटले झाले आणि शेवटी ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक मात्र दोन्ही आकड्यांत मावला नाही. महाराष्ट्रातून तो जवळजवळ गेलाच. तेव्हा कागदावर केवढं आहे यावर फार जाऊ नये, असं मी भाचीला म्हणालो. ती म्हणाली, "दोन पॉइंट सतरावर तर जाऊ?"

आत पायवाटेने निघालो. थंडी चांगली होती, गवतावर दव. गवत या दिवसांत वाळून पिवळं पडलेलं असतं. कुसळं विजारीतून आत घुसतात आणि दिवसभर टोचत राहतात. त्यावर उपाय नाही. मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, तरवडाची झुडपं. टिटवीने आमची वर्दी सगळ्या माळाला देऊन टाकली. एका खुरट्या बोरीवर खाटीक बसला होता. चंडोल जमिनीवरून उठून गात गात वर चढायचा आणि दगडासारखा खाली यायचा. सूर्य वर आला तरी हरीण नाही. अर्धा तास गेला. किबालेत म्हणे चिंपांझी दिसायच्या आधी ऐकू येतात. लांबून हुंकार सुरू होतात, चढत जातात, किंकाळ्या होतात, आणि कुणीतरी झाडाच्या मुळांच्या फळ्यांवर पाय आपटून ढोल वाजवतं. इथे सगळं चिडीचूप.

मग वनरक्षकांनी बोट केलं. दूर, चारशे पावलांवर, मातीच्या रंगाचे काही उंचवटे होते, ते मला ढेकळांसारखे वाटत होते. त्यातल्या एकाने मान वर केली. मग दुसऱ्याने. बघता बघता सगळी ढेकळं उभी राहिली आणि त्यांना पाय फुटले. वीस-बावीस माद्या आणि पाडसं. आणि त्यांच्या कडेला, अर्ध्या वाळलेल्या हिवराखाली, तो.

काळविटाचं वर्णन करताना मी दरवेळी फसतो. उंचीने तो खांद्यापाशी जेमतेम अडीच फूट; वजन पस्तीस-चाळीस किलो, म्हणजे आमच्या एका मोठ्या बोकडाएवढं. पाठ आणि बाजू काळ्या, पोट पांढरंशुभ्र, आणि ही दोन रंगांची सीमा अशी की पट्टी लावून आखावी. डोळ्यांभोवती पांढरं कडं. शिंगं दीड-दोन फूट लांब, एकमेकांपासून फाकत वर गेलेली आणि पिळदार, ओल्या कापडाला पीळ द्यावा तशी. नर जन्मतः काळा नसतो. पिल्लू, मादी, तरुण नर सगळे पिवळसर तपकिरी. तीनेक वर्षांचा होईपर्यंत नराला रंग चढतो. तेव्हा माळावरचा काळा नर म्हणजे वयाने, अंगाने आणि मिजाशीने पुरा झालेला. मराठीत आपण जातीलाच काळवीट म्हणतो, पण खरं काळं वीट एवढं एकच, बाकीची हरणंच.

तो चालला होता. हे चालणं बघण्यासाठी मी नगरहून परत परत येतो. नाक आभाळाकडे, शिंगं पाठीला टेकलेली, शेपटी वर, पावलं मोजून मापून टाकलेली, आणि घशातून घुर्र असा आवाज. लग्नाच्या मांडवात वरबाप फिरतो ना, तसा. माद्यांच्या एका घोळक्यासमोरून गेला, वळला, पुन्हा गेला. माद्यांनी मान वर केली नाही. भाची खुदखुदली. दुर्बीण तिच्याकडे दिली आणि म्हणालो, आता त्याच्या मागची जागा बघ.

जिथून तो निघाला होता तिथे लेंड्यांचा एक रुंद, सपाट ढीग होता. दिवसादिवसाने तिथेच येऊन टाकलेला. हा त्याचा हद्दीचा दगड. नराच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली एक ग्रंथी असते. तिचा चिकट स्राव तो गवताच्या काड्यांवर, काटक्यांवर पुसतो. लेंड्या आणि हा स्राव, दोन्ही मिळून त्याचा सातबारा. या तुकड्यात दुसरा प्रौढ नर आला की आधी ही मिरवणूक, मग समोरासमोर माना खाली, मग शिंगाला शिंग. हरलेले आणि अजून काळे न झालेले असे बिनजमिनीचे नर वेगळा कळप करून फिरतात. माद्या मात्र कुणाच्या नसतात. त्यांना चारा जिथे बरा तिथे त्या जातात, आणि तिथला मालक आपण त्यांना आवडलो असं समजतो.

आम्ही चार पावलं पुढे गेलो. एक मादी जागच्या जागी उभी उडाली, चारही पाय एकदम जमीन सोडून, खाली कुणीतरी स्प्रिंग लावल्यासारखी. मग दुसरी, तिसरी. सगळा कळप असा टणाटण उड्या मारत सुटला आणि नंतर उड्या थांबवून नुसता पळाला. पन्नास पावलं आम्ही गेलो असू. अंतर पुन्हा चारशेचं झालं.

"आठ मीटर विसर," मी म्हणालो.

"इथे अंतर तेच ठरवतात," ती म्हणाली. नंतर ती बराच वेळ गप्प होती. मला ते बरं वाटलं.

हे जनावर एवढं का पळतं, हा प्रश्न मला पडायचा. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने पळू शकतो. लांडगा, कोल्हा, कुत्रं, यांतलं काहीही त्या वेगाच्या जवळपास येत नाही. एवढी उधळपट्टी कुणासाठी? तर चित्त्यासाठी. भारतातल्या माळांवर चित्ता होता आणि त्याचं ठरलेलं सावज होतं काळवीट. संस्थानिक पाळीव चित्ते घेऊन काळविटाची शिकार करत. आपल्याकडे कोल्हापूरचे चित्तेवान त्यासाठी प्रसिद्ध होते. डोळ्यांवर टोपी बांधलेला चित्ता गाडीवर बसवून कळपाच्या जवळ न्यायचा, टोपी काढायची, सोडायचा. इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरने आफ्रिकेतून मागवले, यावरून हौस लक्षात येईल. 1947च्या सुमाराला मध्य भारतातल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि 1952 साली सरकारने चित्ता भारतातून संपल्याचं जाहीर केलं. 2022च्या सप्टेंबरात नामिबियाहून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, ते सोडा. रेहेकुरीचा काळवीट पाऊणशे वर्षं नसलेल्या शत्रूपासून रोज पळतो आहे.

माणसाची गोष्ट वेगळी. त्याला वेगाची गरज नव्हती. त्याने काळविटाचा तोराच वापरला. जुन्या शिकारी वाङ्मयात एक युक्ती सापडते. पाळलेल्या नराच्या शिंगांना आतड्याच्या तातीचे फास बांधायचे आणि त्याला जंगली नराच्या हद्दीत सोडायचं. मालक चाल करून येणार, शिंगं भिडवणार आणि अडकणार. फासेपारध्यांचं तर नावच फाशांवरून आलं. इंग्रजांनी 1871च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींमध्ये पारध्यांनाही ओढलं. तो शिक्का 1952 साली कायद्याने पुसला, गावांच्या मनातून अजून पुसला गेला नाही. काळवीट कमी झाला त्याचं खापर आजही कुणी पारध्यांवर फोडतं. मला ते पटत नाही. फासे शेकडो वर्षं होते आणि हरणंही होती. बंदूक, जीप आणि नांगर आल्यावर हरणं गेली.

भाचीला एक प्रश्न पडला होता: हरणांची शिंगं झडतात ना? चितळ-सांबराची झडतात, दरवर्षी नवी येतात. काळवीट त्या कुळातला नाही. तो गाय-शेळीच्या गोतावळ्यातला. आत हाड, बाहेर नखासारखं कवच, आणि एकदा आलेलं शिंग आयुष्यभर. आपली भाषा दोघांनाही हरीणच म्हणते आणि मला त्यात दुरुस्ती करायची नाही, पण संस्कृताने एवढा फरक पाळला होता. कृष्णसार, कृष्णमृग, एण अशी त्याची स्वतंत्र नावं आहेत. मुंजीत बटूच्या अंगावर असतं ते कृष्णाजिन याचंच. मनुस्मृतीने तर कृष्णसार मृग जिथे आपोआप हिंडतो तो देश यज्ञाला योग्य, अशी खूण सांगून ठेवली. कालिदासाच्या शाकुंतलाच्या सुरुवातीला दुष्यंत ज्याच्या मागे धनुष्य ताणून रथ पळवतो, तोही कृष्णसारच. एवढा मान आणि एवढा पाठलाग एकाच जनावराच्या वाट्याला आला. एक विचित्र गोष्ट सांगतो: 1932च्या सुमाराला अमेरिकेत टेक्सासच्या कुरणांवर हौसेखातर काळवीट नेऊन सोडले, आणि आज तिथे त्यांची संख्या हजारोंनी आहे. तिथे पैसे भरून शिकार करता येते. इथे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. मारला तर तुरुंग. जोधपूरजवळच्या 1998च्या शिकारीच्या प्रकरणाने हे सगळ्या देशाला पाठ झालं.

उन्हं चढल्यावर मनोऱ्यावर जाऊन बसलो. वरून बघितलं की या अभयारण्याचा खरा घोळ दिसतो. पश्चिमेला गवत आहे, पण पुष्कळ भागात झाडं आहेत. आपल्याकडे झाड म्हणजे पुण्य. मोकळी जमीन दिसली की हात शिवशिवतात: खड्डे घ्या, रोपं लावा, फोटो काढा. महसुली कागदांत तर माळरानाचं नाव 'पडीक'. आता काळविटाचं सगळं शरीर लांबवर बघण्यासाठी आणि मोकळ्यावर पळण्यासाठी बनलं आहे. दाट झाडीत त्याला लांडगा दिसत नाही, शिंगं अडकतात. तो झाडांतून बाहेर पडतो आणि शेजारच्या शेतात जाऊन उभा राहतो, कारण त्याच्या दृष्टीने कापणी झालेलं शेत हा अधिक चांगला माळ. चंडोल, पाखुर्डी, धाविक, खोकड, सगळ्यांची हीच तऱ्हा. ही सगळी जमिनीवर, उघड्यावर जगणारी मंडळी. माळावर लावलेलं प्रत्येक झाड पुण्याचं असेलच असं नाही, हे वाक्य मी एका शाळेच्या वृक्षारोपणात बोललो होतो. त्यानंतर मला त्या शाळेने बोलावलं नाही.

वनरक्षकांनी पाणवठे दाखवले. काळविटाला पाणी लागतं. चिंकारा दिवसचे दिवस पाण्यावाचून काढतो, हा काढत नाही. दुष्काळात टँकरने पाणवठे भरावे लागतात. उन्हाळ्यात इथे यायचं असेल तर पाणवठ्यापाशी लांब बसा, हरणं हमखास येतात. पण मला माळ हिरवा किंवा पिवळा आवडतो, करपलेला नाही.

लांडग्याबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, पाऊल दिसतं, तो दिसत नाही. धनगरांना विचारा. वाटेत एक वाडा भेटला होता, घोडी, कोंबड्या, मेंढरं, लहानगं झोळीत. दिवाळीनंतर पुष्कळ वाडे खाली कोकणाच्या अंगाला उतरतात. हा इथेच शेतात बसवला होता, मेंढरांच्या लेंडीखतासाठी. त्यातल्या म्हाताऱ्याला भाचीने विचारलं, लांडगं हाय का. तिचं ते 'लांडगं हाय का' ऐकून मी गार झालो. म्हाताऱ्याने एकच उत्तर दिलं: "आमी हाय म्हणून त्यो हाय." जिथे हरणं संपली तिथे लांडगा मेंढरावर जगतो, हे मी पुढे कंसात घालून तिला समजावलं, पण त्याच्या वाक्यात सगळं आलं होतं.

दुपारी ओळखीच्या शेतकऱ्याकडे हुरडा होता. शेत अभयारण्याच्या तारेपासून हाकेच्या अंतरावर. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसलेली, चोळून पोत्यावर टाकलेले गरम हिरवे दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. किबालेत भाचीला जंगलाबाहेर केळीचं मटोके मिळालं होतं. ते आणि हे यांत ती निवड करू शकली नाही, म्हणून मी तिला पुन्हा वाढलं नाही.

हुरड्याच्या आगटीभोवती विषय हरणांवर आला, आणि इथे स्वर बदलतो. शेतकरी कुटुंबाची साडेतीन एकर ज्वारी, एक एकर हरभरा. "हरभरा उगवून टाच टाच वर आला की रात्रीतून वीसपंचवीस हरणं उतरतात. शेंडा शेंडा खुडून नेतात. खाण्यापेक्षा तुडवतात जास्त." रात्री राखण, डबे बडवणं, बुजगावणी, जुन्या साड्यांचं कुंपण, सगळं करून झालेलं. नुकसानभरपाई सरकार देतं. त्यासाठी अर्ज, पंचनामा, फोटो, उतारा, बँकेचं पासबुक. "दोन गुंठ्याच्या हरभऱ्यासाठी दोन दिवस मोडायचे. कोण जातंय?"

भाची म्हणाली, किबालेच्या भोवतीही हेच आहे. हत्ती येतात, बबून येतात, चिंपांझीसुद्धा मका आणि केळीत शिरतात. तिथल्या कायद्याने उद्यानाच्या प्रवेशशुल्काचे 20 टक्के शेजारच्या गावांना द्यावे लागतात. शाळेच्या खोल्या, रस्ते, हत्तींना अडवणारे चर त्यातून होतात. सगळे खूश आहेत असं नाही, पण जंगल बघायला आलेल्या माणसाच्या खिशातला काही भाग कुंपणापलीकडच्या घरात जातो. शेतकऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इथं आज तुमच्याकडून दारात किती घेतले?" आम्ही आकडा सांगितला. तो हसला. "त्याच्या वीस टक्क्यात हरभऱ्याची एक ओंजळ येईल."

मग त्याने आम्हाला विहीर दाखवली. जुनी, पस्तीस फूट खोल, काठ जमिनीला समतळ. दोन वर्षांपूर्वी पहाटे कुत्र्यांनी एक मादी रेटत आणली आणि ती आत पडली. पाणी होतं म्हणून वाचली. गावातल्या पोरांनी दोर आणि बाज सोडून, वनखात्याच्या लोकांना बोलावून, दोन तासांत वर काढली. वर येताच ती उभी राहिली, थरथरली आणि सरळ त्याच्याच हरभऱ्यातून पळत गेली. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "मुकं जनावर," एवढंच. नंतर त्याने स्वतःच्या पैशाने विहिरीला दगडी कठडा घातला. कठड्यावर सिमेंट ओलं असताना काडीने कुणीतरी हरीण काढलं आहे. शिंगं पिळदार आली नाहीत, पण ओळखू येतं.

किबालेचे दीड हजार चिंपांझी त्या 795 चौरस किलोमीटरांत बहुतांशी मावतात. रेहेकुरीची हरणं 2.17 चौरस किलोमीटरांत मावत नाहीत आणि कधी मावलीही नसावीत. दिवसाचा पुष्कळ वेळ ती तारेबाहेर असतात, या शेतात, त्या शेतात, कालव्याच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला. म्हणजे त्यांना रोज कुणीतरी खाऊ देतं, ओरडून का होईना. अभयारण्याची पाटी वनखात्याची आहे, खर्चाची वही बरीचशी या लोकांची.

परतताना सूर्य कलला होता. दारापासून दोन किलोमीटर गेलो असू, भाचीने गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या अगदी लगत, कापून ठेवलेल्या बाजरीच्या सरमाडाच्या बुचाडापाशी, काळा नर उभा होता. सकाळी चारशे पावलांवरून जो आम्हाला उभं करत नव्हता त्याचा हा भाऊबंद पंधरा-वीस पावलांवर. शेतात एक बाई पाठ करून खुरपत होती. त्याला तिची फिकीर नव्हती, तिला त्याची. आम्ही काच खाली केली तेवढ्या आवाजाने त्याने मान वळवली, आमच्याकडे नीट बघितलं आणि दोन उड्यांत बांधापलीकडे गेला. बाईने वर बघितलं ते आमच्याकडे. नजरेत 'काय काम आहे' असा प्रश्न होता.

"ती त्याला सरावलेली आहे," भाची म्हणाली.

"तोही तिला," मी म्हणालो. "पिढ्या गेल्यात."

जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा, आणि उजाडता उजाडता दारात हजर राहा. दहानंतर हरणं सावलीला बसतात आणि तुम्हाला ढेकळंच दिसतील. दुर्बीण घ्या, पूर्ण बाह्यांचे मातकट कपडे घाला, कुसळांसाठी जाड मोजे. हॉर्न, गाणी, ड्रोन घरी ठेवा. संध्याकाळी निघालात तर कर्जतपर्यंतचा रस्ता सावकाश काढा, दिवे बघून हरीण पळत नाही, थिजून मध्येच उभं राहतं. आणि त्या पट्ट्यात तुमची, तुमच्या सासरची, मामाची, कुणाची शेती असेल आणि विहीर उघडी असेल, तर या उन्हाळ्याआधी तिला कठडा घाला. अडीच फूट पुरतो.